चौथा रकाना

"हे काय आहे, काकू?"

शेती खात्याचा तरुण अधिकारी बांधावर उभा होता. नुकसानीची पाहणी करत सकाळपासून तो शेतं पालथी घालत होता आणि त्याच्या बुटांना चार शेतांचा चिखल लागला होता. पेनाचं टोक त्याने समोरच्या शेतावर रोखलं.

"बुडखे," काकू म्हणाल्या. "कोबीचे."

"ते कळलं. पण कापलेले आहेत."

"विळ्याने कापलेत."

अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला. काकूंनी थट्टा केली नव्हती. विचारलं तेवढंच सांगायची त्यांना सवय होती. शेतभर ओळीने बुडखे उभे होते, सगळे एका उंचीचे. कोबी उपटायचा नाही, जमिनीपासून चार बोटं सोडून एका घावात कापायचा, हे त्यांना सासूने लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. बुडखा राहिला की त्याला कोवळी पानं फुटतात आणि त्यावर गाईचा महिना निघतो. साथीत बाजार बंद पडला, रस्ते बंद झाले, जगाची घडी विस्कटली, तरी काकूंच्या हाताने कोबी तसाच कापला. हाताला कुठे माहीत होतं, की पुढे कोणीतरी बुडखे तपासायला येणार आहे.

"अडचण अशी आहे," अधिकारी फॉर्म फिरवून दाखवत म्हणाला, "पिकाचं काय झालं, याला इथे तीन रकाने आहेत. विकलं, नासलं, नांगरून मोडलं. विकलं असेल तर मदत नाही. बाकी दोन्हींना आहे. आणि बुडखे दिसले की आम्ही कापणी झाली असं धरतो. कापणी झाली म्हणजे विकलं."

"विकला नाही हो साहेब. घेणारं कोण होतं? वाटला."

"कोणाला?"

"शाळेत आजारी माणसं ठेवली होती ना, तिथल्या स्वयंपाकाला रोज पोती जायची. उरलेला रस्त्याने पायी घरी निघालेल्या लोकांना दिला. हातगाडीवर घालून नाक्यावर नेऊन ठेवायचे, जाणारा उचलून न्यायचा."

अधिकाऱ्याने रकान्यांकडे पाहिलं. वाटल्याचा रकाना काही आपोआप उगवला नाही.

"मग 'नासलं' लिहितो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "सही करा आणि मोकळ्या व्हा. कोण बघायला येतंय?"

"बघायला तुम्हीच आलात की."

पोरगा ओशाळून हसला. मनाने चांगला होता तो. काकूंची सगळी गोष्ट त्याला बसल्या जागी समजली होती, पण संध्याकाळपर्यंत त्याला अजून तीस शेतं बघायची होती.

"काकू, तुमच्या भल्याचं सांगतोय."

"माहीत आहे. पण माझा एक गड्डा नासलेला नाही, साहेब. अंगठ्याने दाबला तर अंगठा दुखायचा, असा भरलेला होता. नासला असं कसं लिहू?"

शेवटी त्याने रकाना कोराच ठेवला. परवा शाळेत सभा होती. साथीत सरकारने केलेला खर्च आणि शेतीला दिलेली मदत यावर शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकायला शेती खात्याच्या मोठ्या बाई येणार होत्या. त्याच दिवशी फॉर्म बंद होणार होते. "तोवर ठरवा," असं सांगून, फॉर्म काकूंच्या हातात देऊन तो पुढच्या बांधाला लागला.

ठरवायचं काय होतं, ते काकूंना नीट ठाऊक होतं. नव्या हंगामाची रोपं रोपवाटिकेत आगाऊ पैसे भरल्याशिवाय मिळत नसत, आणि उधारीवर रोप लावायचं नाही हा त्या घराचा जुना नेम होता. मदत आली तर सगळं शेत हिरवं होणार होतं. नाही आली तर निम्मं रिकामं राहणार होतं.

दुपारी दीर आला. त्याचं शेत लागूनच होतं. बाजार बंद झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने उभ्या कोबीवर नांगर फिरवला होता आणि त्याची मदत केव्हाच मंजूर झाली होती. तो आला तो तणतणतच.

"वहिनी, त्या पोराने स्वतःहून सुचवलं आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"भाऊजी, आधी बसा. चहा घ्या."

"चहा राहू द्या. मी तेव्हाच सांगत होतो, नांगर घाला, फोटो काढून ठेवा. तेव्हा ऐकलं नाहीत. आता नुसती एक खूण करायची, तर तिथेही घोडं अडवून बसलात! सरकार काय स्वतःच्या खिशातून देतंय का? शहरात मोठमोठ्या कंपन्यांना किती वाटलं, कोणी विचारलं त्यांना, नासलं का मोडलं म्हणून?"

"त्यांचं मला काय माहीत?"

"तेच तर! आपण तेवढे हरिश्चंद्र."

काकूंना राग आला. राग आला की त्या बोलत नसत, भांडी घासत. घासलेलीच पातेली त्यांनी पुन्हा घासायला घेतली. दिराचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हीच तर खरी पंचाईत होती. नांगर फिरवताना तोही रडला होता, आणि त्याच्या फॉर्मवर एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच्या पदरात खरं बोलूनच मदत पडली होती, आणि काकूंची खऱ्यापायी अडली होती.

तेवढ्यात आतल्या खाटेवरून खाकरण्याचा आवाज आला. काकूंचा नवरा साथीत त्याच शाळेत चौदा दिवस काढून परत आला होता. जीव वाचला, पण दम गेला. आता अंगणाला एक फेरी मारली तरी त्याला भिंतीचा आधार लागे. शेताचं सगळं काकूंच्याच अंगावर होतं.

"मी बोलू का?" तो म्हणाला.

"बोला की. तुम्हाला कोणी अडवलंय?" काकू पातेल्याशीच बोलल्या.

"तिथे रोज कोबी असायचा. सकाळी कोबी, संध्याकाळी कोबी. माझ्या शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता. तो ताट बघून म्हणायचा, आता अंगाला पानं फुटायची बाकी आहेत. सगळे त्या आचाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचे." तो थांबला, श्वास घेतला. "मी गप्प खायचो. जिभेला चव नव्हती, नाकाला वास नव्हता. पण ताटात थोडा कच्चा चिरलेला असायचा. तो दाताखाली करकरला की कळायचं, आपल्या शेतातला आहे. म्हणजे ही उठलीय, शेतात गेलीय, घरचं बरं आहे."

दीर चुळबुळत उभा राहिला.

"आता नासला लिहायचा तर लिहा बापडे," नवरा म्हणाला. "फक्त मी चौदा दिवस काय खाल्लं, तेही मग तिथेच लिहा."

काकूंचा हात पातेल्यावर थांबला. हा माणूस आयुष्यात कधी एका दमात एवढं बोलला नव्हता, आणि आता तर दमच नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदराला पुसले आणि दिराला म्हणाल्या, "भाऊजी, परवा सभेला मला तुमच्या गाडीवरून न्याल ना?"

"नेईन," दीर म्हणाला. "पण मला पटलेलं नाही."

"नका पटवून घेऊ. गाडी तेवढी वेळेवर आणा."

सभेला शाळेचा मोठा वर्ग खच्चून भरला होता. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोर टेबलाशी मोठ्या बाई होत्या, केस पांढरे, चष्मा नाकावर घसरलेला. त्या स्वतःच्या हाताने लिहून घेत होत्या, हे काकूंना आवडलं.

कोंबडीवाला आधी उठला. कोंबड्यांमुळे साथ पसरते अशी आवई कोणीतरी उठवली, तिच्यापायी त्याने हजार पिल्लं जिवंत पुरली होती. "आवई उठवणाऱ्याला दंड नाही आणि मला अजून मदत नाही," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. मग दूधवाला उठला. त्याचं म्हणणं, शहरातल्यांना फुकट धान्य दिलं ते बरंच केलं, उपाशी माणसाला द्यायलाच पाहिजे. पण ते पिकवणाऱ्याच्या घरात काय शिजतंय, हे कोणी डोकावून पाहिलं का? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर मदतच नको म्हणून सांगितलं. "एकदाच पैसे देऊन आमच्या तोंडाला पानं पुसू नका. दरवर्षी रास्त भाव द्या, मग साथ आली तर आमचं आम्ही बघू." यावर अर्ध्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि उरलेल्या अर्ध्याने त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला, कारण त्यांना भावही हवा होता आणि मदतही.

काकू उभ्या राहिल्या तेव्हा गलका चालूच होता. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. दोन बोटं बाकावर टेकवून त्या गलका थांबायची वाट पाहत राहिल्या. हळूहळू वर्ग शांत झाला.

"बाई, मी कोबी लावते. माझा फॉर्म कोरा आहे." त्यांनी तो पुढे केला. "कोबी मोडला तर तुम्ही मदत देता. नासला तर देता. माणसांच्या पोटात गेला तर देत नाही."

कोणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत.

"मी भांडायला आलेली नाही. आमच्या भाऊजींनी नांगर फिरवला, त्यांना मदत मिळाली, चांगलं झालं. त्यांचं नुकसान खरंच झालंय. पण पुन्हा अशी वेळ आली, तर उभ्या पिकाचं आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं? तुमचा फॉर्म तर सांगतोय, मोडा. याच वर्गात आजारी माणसं होती. माझे मालक तिथे, त्या खिडकीशी होते. त्यांना मग काय वाढलं असतं?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

"तुम्हाला काय हवंय?"

"चौथा रकाना. 'वाटलं' असा. मला उपयोग नाही झाला तरी चालेल. पुढच्यांना होईल."

शेजारी बसलेल्या तरुण अधिकाऱ्याने काहीतरी कानात सांगितलं, ते ऐकत बाईंनी फॉर्म पाहिला. मग सरळ म्हणाल्या, "रकाना वाढवणं माझ्या हातात नाही. वर कळवणं आहे, ते मी आजच करते. तुमच्या फॉर्मवर खाली शेरा लिहू शकते, तुम्ही सांगाल तो. पण एक आधीच सांगते, असा शेरा असलेला अर्ज मंजूर होणार नाही. आपला हा अधिकारी म्हणतोय तसं 'नासलं' लिहिलंत, तर आठ दिवसांत पैसे येतील. विचार करा."

मागून दिराचा आवाज आला, "वहिनी." एवढंच. त्यात राग नव्हता, विनवणी होती.

काकूंनी विचार केला. खोटं कशाला सांगायचं, त्यांना डोळ्यांपुढे पूर्ण भरलेलं शेत दिसलं. निळसर हिरवी पानं, त्यावर सकाळचं पाणी. मोह झाला.

"शेरा लिहा, बाई," त्या म्हणाल्या.

महिन्याने पत्र आलं. नवऱ्याने भिंतीला टेकून ते मोठ्याने वाचलं. अर्ज अपात्र. कारण, पीक सुस्थितीत कापून विनामूल्य वाटले. 'सुस्थितीत' हा शब्द त्याने पुन्हा एकदा वाचला आणि बायकोकडे पाहिलं. काकूंना रडू आलं. होणार हे ठाऊक होतं, तरी मनाच्या एका कोपऱ्यात आशा बसून होती. ती उठून जाताना दुखलंच. रकान्याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी तोंड धुतलं, डब्यातले पैसे काढले आणि रोपवाटिकेची वाट धरली.

निम्म्या शेताची रोपं आली. काकूंनी ती तीन दिवसांत एकटीने लावली. नवरा बांधावर बसून ओल्या पोत्यातली रोपं सुटी करून देत होता. तेवढं त्याला जमत होतं. उरलेलं निम्मं शेत नांगरलेलं, मोकळं पडून राहिलं.

रोपं धरली. पंधरा दिवसांनी दीर आपल्या शेतावरून परतताना थबकला. काकू खुरपं घेऊन उन्हात बसल्या होत्या, पण रोपांच्या बाजूला नाही, रिकाम्या बाजूला. मागे उपटलेल्या तणाचे लहान लहान ढीग पडले होते.

"वहिनी, तिथे यंदा काही लावायचं नाहीये ना?"

"नाही."

"मग तण कशाला काढताय?"

काकूंनी मान वर केली, कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

"शेत आहे ना, भाऊजी," त्या म्हणाल्या.

दीर आपल्या वाटेला लागला. काकू पुन्हा खाली वाकल्या. त्या जमिनीत ओळ नव्हती, तरी ओळीत बसल्यासारख्या त्या बांधाच्या दिशेने हातभर पुढे सरकल्या.