सामायिक नावाचं फोल्डर

माझं डोकं तसं लवकर तापतं. अम्मी म्हणते, फरहतच्या जिभेला हाड नाही. पण त्या मंगळवारी सत्यजीतला मी जे बोलले, ते कुणीही बोललं असतं.

माझी भावजय अल्फिया आठव्या महिन्यात होती. वार खाली सरकलेली, आणि सकाळी नऊला अंगावरून रक्त जायला लागलं. दौंडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सिझर करावंच लागेल, पण हिचं रक्त ओ निगेटिव्ह, पिशवी हातात असल्याशिवाय मी हात लावणार नाही. रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. पुण्यात दोन होत्या, त्या दुसऱ्या पेशंटसाठी राखून ठेवलेल्या. दाता घेऊन या, पेढीवाले म्हणाले, आणि लवकर, रक्त तपासायलाही वेळ जातो. डॉक्टरबाई चारपर्यंत थांबायला तयार झाल्या. माझा भाऊ अजीम बाकावर बसला तो उठेचना.

आता माझं नशीब बघा. रक्तदात्यांची यादी सांभाळायचं काम माझंच. आमचा छोटा ग्रुप आहे. दौंडला मी, केडगावला मुक्ताबाई, शिक्रापूरला सत्यजीत. तिघांच्या कॉम्प्युटरवर एकच सॉफ्टवेअर आणि तिघांना उघडता येईल असं एक फोल्डर. शेअर्ड वगैरे इंग्रजी नको म्हणून मीच त्याला नाव दिलं, सामायिक. मोठी हौस मराठीची.

धावत घरी गेले, यादी उघडली. ओ निगेटिव्हची सहा नावं. एक वारलेले. एकीनं गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. दोघांचे नंबर बंद. एक ट्रक घेऊन नागपूरकडं, आणि एकाला कावीळ होऊन गेलेली. संपली यादी.

मग लक्ष गेलं, शिक्रापूरच्या फाईलवर तारीख दीड वर्षापूर्वीची. अरे, जानेवारीत तर ह्या पठ्ठ्यानं न्हावऱ्याला रक्तदान शिबिर घेतलं होतं! हार घातलेले फोटो टाकले होते ग्रुपवर. ती नावं गेली कुठं?

सत्यजीत कंपनीत कामाला. तिथं मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. अकरा वेळा फोन लावला. साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत त्याचा उलटा फोन आला, तोवर माझा जीव टांगणीला लागलेला. सगळं सांगितलं तसा तो गाडी काढून शिक्रापुरातल्या खोलीवर पळाला, लॅपटॉप उघडला. मी म्हटलं, सेटिंगमध्ये जा, डिफॉल्ट लोकेशनपुढं, म्हणजे फाईल आपोआप जिथं साठते तिथं, काय लिहिलंय ते वाच. तो वाचायला लागला. सी ड्राईव्ह, युजर्स, सत्यजीत, डॉक्युमेंट्स.

म्हणजे दीड वर्षं प्रत्येक नाव त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपात साठत होतं आणि आम्ही इकडं जुनंच फोल्डर पुजत होतो. मी तोंड सोडलं. तुला सांगितलं होतं ना, तिथं सामायिक टाक म्हणून? अक्कल गहाण टाकलीस का?

तो चाचरत म्हणाला, "ताई, त्या फोल्डरवर सामायिक लिवलेलं व्हतं, म्हणून तर हात लावला न्हाई. आमच्यात सामायिकाला हात लावायचा म्हंजी समद्यांच्या सह्या लागत्यात. म्हटलं, बाकीच्यांचं काय बिघडायला नको."

त्याच्या घरी न्हावऱ्याच्या सामायिक रानाच्या उताऱ्यावर कुणाकुणाचं नाव लावायचं, यावरून चार वर्षं कोर्टात केस चाललेली, हे मला ठाऊक होतं. लेकराला सामायिक म्हटलं की भांडणच आठवणार. मी आवाज खाली आणला आणि एकेक क्लिक सांगत गेले. ब्राऊज कर. आमचं फोल्डर निवड. सेव्ह कर. आता तुझी फाईल तिथं टाक. माझ्या स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. फिरलं, फिरलं, आणि सत्तेचाळीस नावं खाली उतरली.

ओ निगेटिव्ह एकच. हौसराव, वय बावन्न, न्हावरे.

तिकडं सत्यजीतनं ते नाव वाचलं. म्हणाला, ते माझे सख्खे चुलते. केस त्यांच्याशीच चाललीय. शिबिरात ते रांगेत उभे राहिले, मी मान वर न करता नाव लिहून घेतलं.

मीच फोन लावला. हौसरावांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, माझा नंबर कुणी दिला. खोटं बोलायला जीभ वळेना, सांगून टाकलं. मागं विहिरीवरची मोटार चालू होती, ती त्यांनी बंद केली.

"त्याला म्हणावं, सोता फोन कर. मग निघतो."

सव्वा वाजला होता. सत्यजीतला मी हात जोडले, फोनवर दिसत नाहीत तरी जोडले. चार वर्षांत तो चुलत्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्यानं फोन केला का, काय बोलला, मला कळायला मार्ग नव्हता. रक्तपेढीच्या दारात मी दीड तास येरझाऱ्या घातल्या. अजीमचा दर दहा मिनिटांनी फोन, आला का कुणी? पावणेतीनला केडगावच्या बाजूनं धुळीनं माखलेली मोटारसायकल आली. डोक्याला उपरणं बांधलेला माणूस उतरला आणि बाही वर करतच आत शिरला.

चारला दहा मिनिटं असताना अजीम दवाखान्यातून आला आणि पिशवी घेऊन पळाला. पाचच्या आत मुलगी झाली. अल्फिया शुद्धीवर आली, तवा कुठं मी खाली बसले आणि पोटभर रडले.

हौसराव माझ्याबरोबर दवाखान्यात आले होते, ते अजून थांबले होते. सत्यजीतही अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता, दारातच घुटमळत होता. मी घरून आणलेला लॅपटॉप उघडून हौसरावांच्या नावापुढं आजची तारीख टाकत होते. त्यांनी वाकून बघितलं, वर लिहिलेलं फोल्डरचं नाव बोट ठेवून वाचलं.

"सामायिक. आन् ह्यात माझं नाव लागलं म्हणतेस?"

"लागलं, मामा."

"कुणी लावलं?"

मी दाराकडं बघितलं. हौसरावांनी बघितलं नाही. उपरणं झटकत, सावकाश म्हणाले, "चार वर्षं झाली पोरी, कोर्टात मी तेवढंच मागतोय."

सत्यजीत दारातून आत आला आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसला.