अंबाजीचं बायस्कोपचं यंत्र

पुण्याची गाडी विजेवर धावायला लागली त्या सुमाराची गोष्ट. कामशेतपलीकडच्या आमच्या गावातल्या अंबाजी पाटलाच्या पोरीनं, शालूनं, वडगावच्या बाजारात हौशीरामाला पाहिलं, त्यानं तिला पाहिलं, आणि दोघांचंही मन बसलं. अडचण होती ती मुलाच्या बापाची. महिपतराव एकदा मुंबई बघून आले होते आणि तेव्हापासून त्यांना सून 'सुधारलेल्या' घरातली हवी होती. घरात ग्रामोफोन नाही एवढ्यावरून त्यांनी दोन मुली नाकारल्या होत्या. अंबाजी म्हणाला, ग्रामोफोन काय घेऊन बसलात, आपण घरात बायस्कोपच दाखवू.

लोणावळ्याला एका शेटच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं. त्यात बायस्कोपची दोन यंत्रं होती. एक लहान, हातानं फिरवायचं, तेलाच्या दिव्यावर चालणारं. दुसरं मोठं, विजेचं. लहान घे म्हणून मी घसा कोरडा केला. पण अंबाजीनं जन्मात निवडले ते बैलच. त्यानं दोन्ही यंत्रांना फेरी घातली, पाठीवर थाप मारली, वाकून पाय तपासले. लहान यंत्र त्याच्या एका हातात उचललं गेलं आणि तिथंच मनातून उतरलं. मोठ्याला चार गडी लागले. वीज कुठून आणणार, असं मी विचारल्यावर तो खवळला.

"माजी भाताची खाचरं धरणाच्या पाण्यात गेली. त्याच पाण्याची वीज ना ती? मग माज्या घरी येनार न्हाई तर कुटं जानार?"

वीज मुंबईला जात होती. तारा त्याच्या उरलेल्या शेतावरूनच गेल्या होत्या. पण मागितली की मिळेल, अशी त्याची भाबडी समजूत. धरणावरच्या साहेबानं त्याला फाटकातूनच वाटेला लावलं. मला अंबाजीचा राग आला, आणि त्या साहेबाचा त्याहून जास्त.

तोवर महिपतरावांना बायस्कोप बघायला यायचा निरोप गेला होता. ते आले त्या दिवशी ओटी आणि माजघर यांच्यामध्ये पांढरं धोतर ताणलं. रिवाजाप्रमाणे पुरुष अलीकडे, बायका पलीकडे. यंत्राला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. दिवेलागण झाली तरी यंत्र ढिम्म. इतक्यात शालूच्या आईनं, झुंबरबाईनं, स्वयंपाकासाठी पलीकडे बत्ती पेटवली, आणि धोतरावर सावल्या उमटल्या. एक बाई भाकरी थापताना दिसली. मग शालू आली. ओटीवरून आपण दिसतोय याचा तिला पत्ताच नव्हता. ती मैत्रिणींना होणारा सासरा करून दाखवू लागली. पोट पुढे, मिशीला पीळ, काठी आपटत डुलत चालणं.

ओटी हसून लोळली. अंबाजीनं डोळे मिटून घेतले. पोरीचं लग्न मोडलं, असं मलाही वाटलं.

महिपतराव सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

"मुंबईत ह्योच पायला व्हता म्या," ते म्हणाले. उजेड पलीकडून कसा येतो, असं कुणीतरी विचारलं, तर हे नव्या तऱ्हेचं यंत्र आहे, असं त्यांनी सगळ्यांना समजावून दिलं. हौशीरामानं मात्र सावली कुणाची आणि नक्कल कुणाची, दोन्ही ओळखलं होतं. तो उपरण्यात तोंड खुपसून बसला होता.

सुपारी तिथंच फुटली. महिपतरावांनी अट एकच घातली, यंत्र मुलीबरोबर आंदण द्यायचं. अंबाजीनं लगेच मान हलवली.

वीज त्यांच्याही गावात नव्हती. पण बत्ती होती, आणि शालू तर जाणारच होती.