होडीचा वण

मित्रांनो, निलगिरीचा मी एक म्हातारा वृक्ष. ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्न नदीकाठच्या आमच्या रानातला एवढा मीच उरलो. बाकीचे भाऊबंद आधी कुरणांसाठी आणि मग घरांसाठी तोडले गेले.

मी वाचलो तो पोटावरच्या लांबट वणामुळे. मर्ल मावशी इथल्या मूळ रहिवाशांपैकी; तिच्या पणजोबांनी सालीची होडी करायला माझी साल काढली होती. दगडी कुऱ्हाडीने, बेताने, एकाच बाजूची. मी जगावे म्हणून. घरांची वसाहत बांधणारे करवत घेऊन आले तेव्हा मावशी त्या वणाला पाठ टेकून बसली.

"पणजोबांचं एवढंच राहिलंय आमच्याकडे," ती म्हणाली. "त्यांना कुठे पुरलं, तेही कुणाला सांगता येत नाही."

शेवटी सरकारने मला वारसा ठरवले. कुंपण आले, पाटी आली, पायाशी मऊ हिरवळ आली. मीही जरा भाव खाल्ला, खोटे कशाला बोलू?

समोरच्या घरातले कॉलिन आजोबा त्या हिरवळीची निगा राखत. आमच्याकडे उन्हाळा जानेवारीत; त्या उन्हात मी पाने गाळू लागलो. आमची जातच तशी. उन्हाळ्यात ओझे कमी करायचे, कोरडे राहायचे आणि नदीच्या पुराची वाट बघायची. कॉलिनना वाटले, म्हाताऱ्याला तहान लागली. ते रोज संध्याकाळी रबरी नळी सोडू लागले.

"कॉलिन, आंघोळ घालतोयस की बुडवतोयस त्याला?" मावशी चिडवायची.

"तुझ्या पणजोबांची होडी तरंगायला नको का?"

मावशी खळखळून हसायची.

उन्हाळाभर माती ओली राहिली. माझ्या मुळांचा श्वास कोंडला, ती कुजू लागली. पुढच्या वर्षी शेंडा वाळला, तेव्हा कॉलिननी पाणी आणखी वाढवले.

मग झाडांच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी माती उकरली, नाकाशी नेली. "पाणी फार झालं. आता उशीर झालाय," त्या म्हणाल्या.

कॉलिन मावशीकडे वळले. "मर्ल, मला खरंच ठाऊक नव्हतं गं."

मावशी वणापाशी गेली. "मीही रोज बघतच होते ना रे," ती म्हणाली आणि वणावर हात ठेवून रडली.

मित्रांनो, कुणाला जीव लावाल तेव्हा तो कशावर जगतो, ते आधी विचारा. माझ्या बाबतीत तेवढे विचारायचे राहून गेले.

कॉलिन अजून संध्याकाळी कुंपणापाशी येऊन उभे राहतात. मी रागावलेलो नाही, एवढे त्यांना सांगायचे आहे. पण अंगावर एक पान उरलेले नाही, सळसळू कशाने?