मुंगीबाबाचं रक्षामंडल

गोंदियाकडच्या कामठा गावाच्या अलीकडे, पाटाच्या नहराला लागून असलेल्या आमराईत त्या सोमवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अन् जो आला त्याच्या हातात बाटली. कोणाची शरबताची, कोणाची खोकल्याच्या औषधाची, एका बाईची तर गुलाबपाण्याची. आत मात्र सगळ्यांचा माल एकच, सकाळची पहिली लघवी. माणसं ती अशी जपून धरत होती, की गंगाजल आणणाऱ्यानं शिकवणी लावावी. ओळखीचा कोणी भेटला की बाटली काखेत दाबायची, हात जोडायचे, "रामराम जी" म्हणायचं अन् पुन्हा रांगेत ताठ उभं राहायचं.

रांगेच्या टोकाला, सगळ्यात जुन्या आंब्याखाली, मुंगीबाबा बसला होता. हिमालयातून आलो म्हणायचा. बोली मात्र बसस्टँडवर चणे विकणाऱ्याची होती.

"डाक्टर झूठ बोलता है, मशीन झूठ बोलती है," बाबा गळा काढून ओरडायचा, "पर चींटी? चींटी कब्भी झूठ नहीं बोलती, बच्चा! चींटीचं पोट लहान, म्हणून तिच्या पोटात पाप मावत नाही!"

लोक माना डोलवायचे. मुंगीचं पोट कोणी मोजलं होतं?

बाबाची परीक्षा अशी. नवा रोगी आला की टोपल्यातली कोरी पणती घ्यायची, त्यात त्याची लघवी ओतायची अन् पणती आंब्याच्या बुंध्याशी ठेवायची. पाच मिनिटांत मुंगळ्यांची पलटण हजर. "देखो! शक्कर ही शक्कर!" मग एकवीस दिवस बाबाचा काढा, तो दर सोमवारी इथूनच न्यायचा. गोळ्या बंद. खाण्यापिण्याला कसली आडकाठी नाही. एकविसाव्या दिवसानंतरच्या सोमवारी पुन्हा परीक्षा, अन् तेव्हा पणतीभोवती बाबा राखेचं कडं काढायचा. त्याचं नाव रक्षामंडल. "दूसरे का रोग उडून तेरे पे बैठू नये, इसलिए." त्या वेळी मुंगळे यायचे, कड्यापाशी थबकायचे, मिशा हलवायचे अन् माघारी फिरायचे. एकही आत जात नसे. शक्कर खतम! बोलो मुंगीबाबा की जय! दक्षिणा म्हणून पायलीभर तांदूळ.

या रांगेत जमुना रहांगडाले आपल्या नवऱ्याला हाताला धरून उभी होती. तिच्याही हातात बाटली होती. त्या बाटलीत काय आहे, हे तिला माहीत होतं अन् आणखी एकीला. नवऱ्याला माहीत नव्हतं.

नवरा म्हणजे गुलाबचंद. या माणसाची ख्याती सांगायची तर ती भाताचीच सांगावी लागेल. पंगतीत तो बसला की वाढपी बादली त्याच्यापाशीच ठेवून पुढं जात. त्याच्या ताटातला ढीग असा, की समोर बसलेल्या व्याह्याचं डोकंच तेवढं दिसे. एकदा म्हणे एका व्याह्यानं पलीकडून जावई पसंत असल्याचं सांगितलं, ते ढिगामुळं ऐकूच आलं नाही अन् सोयरीक महिनाभर लांबली. खरं खोटं त्या व्याह्याला विचारा. पण दिवसातून तीनदा भात, हे मात्र शंभर टक्के खरं.

चार महिन्यांपूर्वी गावात तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा गुलाबचंदची उपाशीपोटीची साखर दोनशे दहा निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, खाणं समजावलं, रोज चालायला सांगितलं. गुलाबचंदनं घरी येऊन जाहीर केलं, "आजपासून चहात साखर बंद!" अन् त्याच तोंडानं तीन वेळा भात मागून घेतला.

गावची आशाताई योगेश्वरी घरी आली, तिनं ताट पाहिलं अन् कपाळाला हात लावला.

"काकाजी, हे काय करून राहिले?"

"काऊन वो? साखर त सोडली ना मी!"

"अन् हा भात?"

"भात कुठी गोड लागते? साखरेचा रोग हाये, भाताचा कायले राहील?"

"जिभेले गोड नाही लागत, काकाजी. पोटात गेला की त्याचीच साखर होते. भात एक वाटी घ्या, भाजी दोन वाट्या, वरण घट्ट. जेवल्यावर शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं अर्धा तास चाला."

"एक वाटी?" गुलाबचंद हसला. "पोरी, एक वाटी भात त मी उष्टा टाकतो."

ही चूक एकट्या गुलाबचंदची नव्हती. धानाच्या मुलखात भाताला दोष देणं म्हणजे आईला दोष देण्यासारखं. गावातले निम्मे साखरवाले बिनसाखरेचा चहा पिऊन तपस्व्यासारखे हिंडत अन् भाताचे डोंगर उपसत. मग साखर उतरली नाही की म्हणत, "डॉक्टरच्या गोळीत दम नाही." अशा जमिनीत मुंगीबाबा उगवला. तो म्हणाला, "चावल तो अन्नपूर्णा है, खाओ बच्चा, पेटभर खाओ!" पुढचं काय सांगायचं?

काढा सुरू झाला. गोळ्या जमुनानं फळीवर ठेवल्या होत्या. गुलाबचंदनं त्या नहरात फेकल्या. दहा दिवसांत त्याचा सदरा खांद्यावरून घसरायला लागला.

"पाह्य, रोग उतरून राहिला," तो म्हणाला.

जमुनाला मात्र उतरताना वेगळंच काही दिसत होतं. पाण्याची गुंडी दुपारपर्यंत रिकामी व्हायची. माणूस बसल्या जागी पेंगायचा. तोंडाला पिकल्या फळाचा वास यायचा. अन् गल्लीतून जाणारी माणसं थांबून म्हणायची, "काकाजी, किती हलके झाले जी! बाबाची कृपा!" त्या प्रत्येक कौतुकासरशी जमुना त्या घसरत्या सदऱ्याकडे अन् रिकाम्या गुंडीकडे पाहायची.

योगेश्वरी मशीन घेऊन दोनदा आली. गुलाबचंदनं बोट दिलं नाही. बाबाची सक्त ताकीद होती, सुईनं रक्त काढलं की विद्या उतरते.

अठराव्या दिवशी, भर दुपारी, जमुना अंगणात आली. खाटेवर गुलाबचंद घोरत होता. डावा पाय खाटेबाहेर लोंबत होता. खाटेच्या पायावरून मुंग्यांची एक बारीक लाल ओळ वर चढत होती, अन् ती त्याच्या करंगळीपाशी जाऊन संपत होती. धान कापल्यावर शेतात राहिलेलं धसकट कधीतरी लागलं असावं. जखम होती. मुंग्या तिच्यात चावत होत्या. अन् माणूस घोरत होता.

तिनं मुंग्या झटकल्या, जखम धुतली. त्याला हलवून विचारलं, "अजी, दुखून नाही राहिलं?"

"काय?" तो म्हणाला. "कुठी?"

जमुनाला अंगणातल्या उन्हात थंडी वाजली.

जखमेवर कपडा बांधता बांधता तिचं लक्ष त्या ओळीकडे गेलं. झटकलेल्या मुंग्या पुन्हा जमल्या होत्या अन् आता स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाल्या होत्या, गुळाच्या डब्याकडे. डब्याभोवती तिनं बाजारातून आणलेल्या, मुंग्या पळवणाऱ्या भुकटीची रेघ ओढून ठेवली होती. मुंगी रेघेपाशी आली. थबकली. मिशा हलवल्या. माघारी फिरली.

जमुना तिथंच खाली बसली. मागच्याच सोमवारी सडक अर्जुनीच्या सुखराम ट्रकवाल्याची शेवटची परीक्षा तिनं पुढं बसून पाहिली होती. सुखराम उभ्या उभ्या डुलत होता अन् लोक जय म्हणत होते. तिथली मुंगी अशीच आली होती, अशीच थबकली होती, अशाच मिशा हलवून फिरली होती. देवानं पाठवलेली मुंगी अन् गुळावर आलेली मुंगी, दोघींची चाल एकच कशी? चाळीस वर्षं गूळ राखणाऱ्या बाईला ते कडं ओळखायला कोणाच्या पुस्तकाची गरज नव्हती.

ती तशीच योगेश्वरीच्या घरी गेली.

"ते राख नाही, वो योगेश्वरी. ते मुंग्यायची भुकटी हाये."

योगेश्वरीनं तपासणीची वही उघडली; तिच्या मशीनवर निरोगी निघालेले तिघे बाबाच्या पणतीत रोगी ठरले होते. "काकीजी, आता जाऊन बोललो त लोक आपल्यालेच मारतील. बाबाचं मागून पाहू, पहिले काकाजीले दवाखान्यात नेऊ, चला."

दोघींनी दोन दिवस विनवण्या केल्या. योगेश्वरीनं गाडीसुद्धा दारात आणली. गुलाबचंद खाटेची दांडी धरून बसला. "सोमवारी परीक्षा हाये. पास नाही झालो, त तुमी म्हनाल तिथी येतो." शेवटी जमुना म्हणाली, "शब्द द्या." त्यानं दिला. त्या शब्दाला धरूनच ती आज रांगेत उभी होती.

"गुलाबचंद रहांगडाले!" पुकारा झाला.

गुलाबचंद दोन पावलं चालला अन् धापा टाकत खाली बसला. जमुनानं बाटली पुढं केली. बाबानं पणती भरली, बुंध्याशी ठेवली, अन् मंत्र पुटपुटत राखेचं कडं काढलं. सगळी आमराई वाकली. मुंगळे आले. कड्याभोवती फिरले. एकानं पाय पुढं टाकला अन् भाजल्यासारखा मागं घेतला.

"शक्कर खतम!" बाबा गरजला. "देखो बच्चा! गुलाबचंद का मूत्र निर्मल! इसमें राई जितनी भी मिठास नहीं!"

"जय!" लोक ओरडले. गुलाबचंदच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबाजी," जमुना म्हणाली, "नक्की नाही ना मिठास?"

"चींटी से पूछ, माई!"

जमुनानं उरलेली बाटली तोंडाला लावली अन् घटाघटा पिऊन टाकली.

आमराईत एकच हलकल्लोळ उठला. एक बाई ओकारी काढत मागं सरली. कोणी ओरडलं, "अगा, मूत पेली वो बाई! येडी झाली!"

जमुनानं पदरानं तोंड पुसलं. "गूळपाणी हाये. पावशेर गूळ टाकला एका बाटलीत. गोड मिट्ट. तुमच्या मुंगीले नाही समजलं का, बाबाजी?"

बाबानं एकदा पणतीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या बाटलीकडे. पण धंदेवाईक माणूस, दोन श्वासांत सावरला. "पापिणी! देवाशी कपट! मंडल ने तेरा गुड़ भी शुद्ध कर दिया!"

"हो का?" मशीनची पिशवी खांद्याला लावून गर्दीत उभी असलेली योगेश्वरी पुढं आली. तिनं नव्या रोग्यांच्या टोपल्यातली एक कोरी पणती उचलली, हापशीचं पाणी सगळ्यांसमोर त्यात ओतलं अन् कड्यापासून दूर, मोकळ्या जमिनीवर ठेवली. "हे साधं पाणी. हिच्याभोवती मंडल नाही."

लोक पाहत राहिले. पाच मिनिटं गेली नसतील. मुंगळ्यांची पलटण आली अन् पणतीच्या काठावर चढली.

"काय गा," मागून कोणी म्हातारा म्हणाला, "पाण्याले बी मधुमेह झाला का?"

हसू फुटलं, पण ते फार काळ टिकलं नाही. योगेश्वरी सांगत होती. "पणत्या साखरेच्या पाकात बुडवून वाळवल्या हायेत, म्हणून पहिल्या दिवशी निरोगी माणूस बी रोगी निघते. अन् शेवटी हे कडं. राखेत मुंग्यायची भुकटी. आत अमृत ठेवा का गूळ ठेवा, मुंगी जात नाही. मधी एकवीस दिवस तुमच्या अंगात काय चाललं, ते ना मुंगीले माहीत, ना याले."

"झूठ!" बाबा ओरडला. "सुखराम को पूछो! सुखराम को कौन ठीक किया?"

गर्दीतून एक माणूस वाट काढत पुढं आला. सुखरामचा भाऊ ईश्वरदास. त्याच्याही हातात बाटली होती, स्वतःची.

"सुखराम परवापासून बेसुध हाये," तो म्हणाला. "आमाले वाटलं, औषधाची झोप लागली. मी बाबाले विचाराले आलो होतो, कदी उठेल म्हणून."

वाऱ्यानं पान हललं तरी लोक दचकत होते. एकेक जण आपापल्या बाटलीकडे पाहत होता अन् मनातल्या मनात काढ्याचे दिवस मोजत होता. माझा नववा. माझा चौदावा. माझ्या बाईचा एकोणिसावा.

गुलाबचंदनं हात पुढं केला. "घे पोरी," तो योगेश्वरीला म्हणाला. "शब्द देला होता मी."

सुई टोचली. थेंब पट्टीवर ठेवला. मशीननं पाच आकडे उलटे मोजले अन् आकडा दाखवलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली फक्त.

"हे काय लिहिलं?" जमुनानं विचारलं.

"मशीनच्या मोजण्याच्या पलीकडे गेली, काकीजी," योगेश्वरी हळूच म्हणाली. तिनं फोन काढून एकशे आठला लावला होता. "ईश्वरदास भाऊ, तुमी बी आत्ता घरी फोन करा. सुखराम भाऊले उचला. एक मिनिट थांबू नका."

या गडबडीत बाबा उठला, झोळी सोडून नहराच्या बाजूनं पळाला. चार पोरं मागं धावली. पोलिसांनी त्याला दुपारी रेल्वे फलाटावर धरलं. झोळीत काय निघालं? किराणा दुकानात मिळतात तशी मुंग्यांच्या भुकटीची आठ पाकिटं, राख, अन् स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या. हो, डॉक्टरनं लिहून दिलेल्या.

सुखराम वाचला नाही.

गुलाबचंद गोंदियाच्या दवाखान्यात अकरा दिवस होता. इन्सुलिन चढलं, सलाईन चढलं. चौथ्या दिवशी त्यानं जमुनाला ओळखलं. डाव्या पायाची करंगळी कापावी लागली. डॉक्टर म्हणाले, आठवडा उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. खरं तर पावलाचं बोलायलाही कारण उरलं नसतं, माणूसच राहिला नसता.

आता तो पहाटे उठून पाय तपासतो, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या. चप्पल घातल्याशिवाय अंगणातही उतरत नाही. ताटात आधी तरोट्याची नाहीतर आंबाडीची भाजी, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, घट्ट वरण. भात वाटीनं मोजून. पहिले पंधरा दिवस त्यानं त्या वाटीला इतक्या शिव्या दिल्या, की दुसरी असती तर पोचे पडले असते. जेवल्यावर धुऱ्यानं चालतो. तीन महिन्यांनी साखर ताब्यात आली, इन्सुलिन सुटलं, गोळी राहिली. "गोळी कदी सुटेल?" असं त्यानं विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते तुमचं रक्त सांगेल, तुम्ही नाही अन् मीही नाही."

परवा पलीकडच्या गावाहून दोघी जणी जमुनाकडे आल्या. त्यांच्या गावात म्हणे एक माई आली आहे, नाडीवर लिंबू फिरवते, मग सुरीनं कापते अन् ते आत लाल झालं की साखर उतरते. चालते का, म्हणून विचारत होत्या.

जमुनानं त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

"लिंबू कसं लाल होते, ते मले ठाऊक नाही, बायांनो," ती म्हणाली. "काहीतरी लावलं असंल सुरीले, नाही त लिंबाले. तेवढं शोधत बसू नका, वेळ जाते. माणसाची साखर लिंबात नसते, अन् मुंग्यायच्या पणतीत बी नसते. ते रक्तात असते. तिथीच पाहा. आशाताई कुठी राहते तुमच्या गावात?"

दोघींना ठाऊक नव्हतं.

"मंग उठा," जमुना म्हणाली अन् पायात चप्पल घातली. "आधी तिचं घर शोधू."