हाकेला न आलेले जंतू

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकाखालचा पाण्याचा एक थेंब दिसत होता आणि त्यात हजारो जंतू वळवळत होते. हाकेवाले महाराजांनी सिद्धजलाने भरलेली, केसाइतकी बारीक काचेची नळी थेंबात टेकवली आणि डोळे मिटले.

"या रे सूक्ष्म जीवांनो, या. माझ्याकडे या."

पाच मिनिटांत नळीच्या तोंडाशी जंतूंची झुंबड उडाली. लोकांना हुंदके फुटले. "जे थेंबातून येतात, ते देहातून येणार नाहीत?" महाराजांनी विचारलं, आणि सिद्धजलाच्या बाटल्यांसाठी रांग लागली. रांगेत पहिली माझी ताई.

ताईला मूत्रपिंडाचा संसर्ग झाला होता. चौदा दिवसांच्या गोळ्या होत्या. चार दिवस घेऊन तिने उरलेल्या कपाटात टाकल्या. "आपणहून निघताहेत तर मारायचं कशाला बिचाऱ्यांना?" म्हणाली. ताईची भूतदया अशी नको तिथे उफाळून येते. आठवड्याने ताप पुन्हा चढला, तर महाराज म्हणतात, "जंतूंची निघायची गडबड चाललीय, म्हणून अंग तापतंय." मला तिची फार काळजी वाटू लागली.

मी एका प्रयोगशाळेत काचसामान धुतो. तोंडाशी जंतू जमलेल्या असल्या नळ्या माझ्याकडे ढिगाने येतात. महाराजांचा चमत्कार मी रोज साबणाने घासून काढतो. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, "तू बाटल्या धुतोस रे, तुला काय कळतंय त्यातलं?" शेवटी प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडमना सांगितलं.

मॅडमनी महाराजांना प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. विज्ञान पायाशी आल्याचा फोटो कुणाला नको असतो? महाराज फोटोग्राफर आणि पन्नास भक्त घेऊन हजर झाले. ताईला मी हाताला धरून आणलं. हात चांगलाच तापला होता.

"नळी तुमची, जल तुमचं, हाकही तुमची," मॅडम म्हणाल्या. "जंतू तेवढे आमचे."

"जंतू सगळे माझेच," महाराज हसले.

नळी टेकली, हाक झाली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. जंतू मजेत पोहत होते, पण नळीकडे एकही ढुंकून बघेना. महाराजांनी आवाज चढवला. जंतू ऐकेनात. महाराज घाम पुसत म्हणाले, "इथल्या जंतूंमध्ये श्रद्धा नाही."

"श्रद्धा कुठल्याच जंतूत नसते," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या अंगावर ग्राही नावाची प्रथिनं असतात. पाण्यात अन्नाचा अंश असला की ती ओळखतात, आणि जंतू तिकडे सरकतो. तुमच्या जलात तो मिसळलेला आहे, जिभेला कळणार नाही इतका. या जंतूंचे ते ग्राही आम्ही काढून टाकलेत आणि एकच नवा बसवलाय. तो सांडपाण्यातलं एक विषारी द्रव्य ओळखतो. पाण्यात ते कुठे मुरलंय, हे यांनी शोधून द्यावं म्हणून."

त्यांनी त्या द्रव्याची नळी थेंबात टेकवली. तोंडातून शब्द काढला नाही. नळीच्या तोंडाशी जंतूंचा ढग जमला.

मग मॅडमनी साधे, ग्राही असलेले जंतू घेतले, नळीत नुसतं शुद्ध पाणी भरलं आणि महाराजांना म्हणाल्या, "आता मारा हाक." महाराजांना एकाएकी दुसरीकडे जायचं आठवलं. जाताना फोटो काढायचा राहून गेला.

"मग मध्ये मला बरं वाटलं होतं, ते?" ताईने हळूच विचारलं.

"त्या चार दिवसांच्या गोळ्यांनी," मी म्हणालो. " तू अर्ध्यावर सोडल्यास, तशी उरलेल्या जंतूंनी पुन्हा उचल खाल्ली."

मी तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आणि नवं औषध लिहिलं. ताईने चिठ्ठी घेतली, पण उठेना. ही गोळी जंतूंना नेमकं काय करते? इतकेच दिवस का? गुण येतोय हे तपासायचं कसं? बाहेर रोगी खोळंबले होते, डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मी तिला थांबवलं नाही. लोकहो, तुम्हीही विचारा. डॉक्टरला विचारा, महाराजांना विचारा, आणि मिळालेलं उत्तर तपासून बघता येतं का, तेही विचारा.

डॉक्टरांनी कंटाळत का होईना, सगळं समजावलं. बाहेर आल्यावर ताई बाकावर बसली आणि म्हणाली, "महाराजांना मी यातलं एकही विचारलं नव्हतं रे."