वाढत्या मापाचा स्कर्ट

आमच्या मुरबे गावात पोराचं कापड आजचं नाय घेत, पुढल्या तीन वर्षांचं घेतात. दुकानदारानं पहिलीचं माप काढलं की माझी सासू येसूबाई काउंटरवर हात आपटते, "यो नको, तिसरीचा दाखव. वाढतं अंग हाय पोरीचं!" तर माझी दिशा बोईसरच्या शाळेत पहिलीला बसली ती तिसरीचा स्कर्ट घालून. स्कर्ट कसला, मच्छरदाणीच ती! कमरेत दोन पोरी मावतील.

जूनपासून पोरीनं तो एका हातानं धरून दिवस काढले. मी गप्प होते. मी दिवसभर मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात, नवरा बोटीवर, आणि घरात शब्द चालतो सासूबाईंचा. पण डिसेंबरात शाळेत धावायची शर्यत लागली आणि सगळं अंगाशी आलं.

दिशा कशी पळते ते एकदा आमच्या किनाऱ्यावर येऊन बघा. कुत्री मागं राहतात. आणि शाळेच्या निवडीत ती आली चौथी. चौथी! शनिवारच्या मोठ्या शर्यतीला पाच जण घेणार होते, म्हणून वाचली. घरी आली ती दप्तर फेकतच.

"मी नाय पळणार शनिवारी. हात सोडला तर स्कर्ट पडतो."

"मग घरची हाफपँट घालून पळ," येसूबाई म्हणाली.

"केदार सर सांगतात, युनिफॉर्ममधीच पळायचं. फोटो काढणार हायेत."

बोईसरच्या शिंप्याला विचारलं, तर तो म्हणतो लग्नसराई हाय, पुढच्या आठवड्यात बघू. पिना लावायला शाळेत बंदी. म्हटलं, गेला उडत शिंपी! शुक्रवारी दुपारी बाजारातून आले आणि कात्री घेऊन अंगणात बसले. तोच येसूबाईनं झडप घातली आणि माझ्या हातातला स्कर्ट ओढून घेतला.

"कात्री लावायची नाय! कापलेलं कापड परत जुळतं का?"

"आये, पोरगी उद्या पळणार हाय. तिसरीत गेल्यावर नाय, उद्या!"

"जाळ्याचं तोंड मोठं झालं म्हणून आपण जाळं कापतो का? दोरी ओवून आवळतो. आण इकडं."

तिनं कमरपट्टीत जाळ्याची दोरी ओवली आणि होडी बांधायची गाठ मारली. दिशा अंगणात पळाली, दोन्ही हात मोकळे! मीपण टाळ्या वाजवल्या. चार फेऱ्या झाल्या आणि पोरगी थांबून म्हणते, "आई, मला सू लागली."

झालं. आमच्या दर्याच्या गाठी, जेवढा ताण तेवढ्या घट्ट. येसूबाईनं नखं लावली, दात लावले. गाठ काय हलंना. शेवटी मी मासळीच्या सुरीनं दोरी कापली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मला हसू फुटलं, आणि दिशानं भोकाड पसरलं, "मला पळायचंच नाय! कधीच नाय!"

तिचं ते तोंड बघितलं आणि माझं हसू जागीच मेलं. इतकी वर्षं सासूपुढं दाबून ठेवलेलं भडाभडा बाहेर आलं.

"ती वाढंल तवा वाढंल, आये! आज ती एवढीशीच हाय. आजच्या पोरीला बघा ना जरा!"

मला वाटलं, आता माझं माहेर निघणार. पण येसूबाई उठली, स्कर्ट पाण्यातून काढून पिळला, उन्हात टाकला. वाळल्यावर उलटा करून दिशाला घातला आणि म्हणाली, "पोट फुगव. आता वाक. आता बस खाली." मग कमरपट्टीला आतून घड्या घातल्या, दोन बाजूंना दोन, मागं दोन, आणि साध्या दोऱ्यानं बारीक टाके घातले.

"दरसाल थोडं उसवू," ती म्हणाली. "कात्री नको आणि गाठपण नको."

कंबर तिनं केली, खालची किनार मी दुमडून शिवली. दोघी एकाच कापडाला लागलेल्या, तोंडं मोकळी, आणि तरी भांडण नाय. असं आमच्या घरी पहिल्यांदाच झालं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघी रिक्षानं शाळेत गेलो. पहिलीचे पाच जण रेषेवर उभे राहिले आणि मी कपाळावर हात मारला. माझी दिशा सोडून चौघांचा एकेक हात कमरेवर! कारखान्यातल्यांची पोरं, पॉवर प्लांटवाल्यांची पोरं, सगळ्यांच्या पँटी वाढत्या मापाच्या. म्हणजे येसूबाई घरोघरी हाय! दिशा यातलं काही बोलली नव्हती. तिला वाटलं असेल, शाळेत असंच पळतात.

शिट्टी वाजली. एका पोराची पँट गुडघ्यावर आली, त्याची आई ओरडली, "अरे, पकड़ के भाग!" आणि दिशा? ती कधीच पोचली होती. येसूबाईनं अशी आरोळी ठोकली की झाडावरचे कावळे उडाले.

तर दुसरा आलेला सुजित पँट मुठीत धरून केदार सरांपुढं उभा. "सर, हिचा स्कर्ट बसतो म्हणून ही जिंकली. माझी पँट बसली असती तर मीच पहिला."

"खरंय की," त्याची आई उत्कर्षा म्हणाली. चार बायकांनी माना डोलावल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पदर खोचला, आता हिला बाजारातली भाषा दाखवते म्हटलं. पण माझ्याआधी दिशाच बोलली.

"मग परत पळू. आजी, यांच्या पण घड्या घाल."

"गप बस!" मी तिचा हात ओढला. हातातलं बक्षीस कुणी परत डावाला लावतं का? पण पोरगी माझ्याच पोटची. तिचे डोळे बघितले आणि कळलं, ही आता ऐकायची नाय. येसूबाईनं पदराला टोचलेली सुई काढली आणि मैदानाच्या कडेला फतकल मारली. सरांनीपण हो म्हटलं आणि तोवर मोठ्या पोरांची शर्यत लावून घेतली. एकेक पोर येसूबाईपुढं पोट फुगवून उभं राहिलं. सुजितची पँट तर तिनं दोनदा ओढून बघितली. "नंतर कुरकुर नको रे बाबा," म्हणाली.

पुन्हा पाच जण रेषेवर. आता कुणाचाच हात कमरेवर नाय. शिट्टी झाली. सुजित खरंच पळणारा निघाला! अर्ध्यावर तो आणि दिशा बरोबरीत. तो पुढं गेला. एक पाऊल, दोन पावलं. मी येसूबाईचा दंड आवळला. आणि मग माझ्या पोरीनं मान खाली घातली, दोन्ही हात असे काय मारले, असे काय मारले, की शेवटाला धरलेली दोरी तिच्या छातीला आधी लागली. वीतभर, पण आधी!

येसूबाई तर मैदानात घुसलीच. मी रडत होते, लाजबीज काय नाय, सगळ्यांसमोर रडत होते.

सुजित धापा टाकत आला. त्यानं पँट चाचपली. घट्ट होती.

"आता काय सांगू?" तो म्हणाला.

"सांग की, दिशा जोरात पळते," दिशा म्हणाली.

त्यानं एकदा आईकडं बघितलं, मग सरांकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "सर, दिशा माझ्यापेक्षा जोरात पळते."