मुकुंदबुवांचा आसरा

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून, अर्ध्या कानाने ऐकायची ही गोष्ट नाही. चारकोपच्या एका तिसऱ्या मजल्यावर, रविवारी दुपारी, चार माणसांच्या मध्ये देव कसा येऊन बसला ते ऐका. आणि देवही कुठला, तर त्या चौघांनी स्वतःच खेळण्यासाठी रचलेला. हसू नका. तो कुठल्या दाराने आत येईल, याचा आजवर कुणाला नेम धरता आलाय?

तर गंधाली नावाची एक मुलगी. मालाडला नोकरी, चारकोपला घर, घरात ती आणि तिचे वडील शरच्चंद्र. आठवडाभर ऑफिस, आणि रविवारी फाशांचा खेळ. सापशिडीसारखा नव्हे हं. यात प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. गंधाली गोष्ट सांगत जाणार आणि मध्येच विचारणार, "समोर दरी आहे, काय करता?" बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं, जमलं की फसलं ते फासे ठरवणार. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. साहसाला निघण्याआधी ते पात्र कोण होतं, हे त्यावर लिहायचं, आणि त्या मागच्या आयुष्याने त्याला दिलेला एक गुणही. तिची मैत्रीण संघमित्रा, तिचं पात्र सैनिक होतं, म्हणून तिला कुठल्याही छावणीत ओळख निघायची. मित्र मिहिर, त्याचं पात्र पंडित. एखादी गोष्ट ठाऊक नसली तरी ती कुठे सापडेल ते त्याला ठाऊक असायचं.

शरच्चंद्रांच्या पात्राचं नाव मुकुंदबुवा. दुसरं काय असणार? बँकेतली नोकरी सांभाळून या माणसाने उभं आयुष्य कीर्तनं केली. कांदिवली, बोरिवली, मालाड, ज्या देवळाने बोलावलं तिथे चिपळ्या घेऊन हजर. पोरं घरात बसून गोष्टी रचतात म्हटल्यावर ते आपण होऊन खेळायला आले होते. मुकुंदबुवांच्या कागदावर गुण लिहिला होता: 'ज्या गावात गाणं करशील, त्या गावात तुला आणि तुझ्या सोबत्यांना जेवण आणि आसरा मिळेल.'

मग शरच्चंद्रांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती हवा, कुजबुजीहून जराशी जास्त. यापुढे एवढाच, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चिपळ्या कपाटावर गेल्या. देवळातून निरोप आला, बुवा, नुसते येऊन बसा. तेही नाही. ऐकायलासुद्धा जाईनात. गंधालीने फार मिनतवाऱ्या करून रविवारी खेळाला बसवलं, तर बसल्या बसल्या म्हणाले, "मुकुंदबुवांचा आवाज गेला, असं लिही."

"बाबा, कशाला?"

"माझ्याकडे नाही ते त्याच्याकडे कुठून आणू? आणि ती आसऱ्याची ओळ खोडून टाक. सामान उचलायला राहील तो. नाहीतर संपव त्याला एखाद्या दरीत, मी आत जाऊन पडतो."

ती ओळ मुकुंदबुवांची नव्हती, हे कळायला गंधाली काही लहान नव्हती. आज एकदा बाबांनी हाताने ती खोडली, की हा माणूस कायमचा आत जाऊन पडणार होता.

"आधी खेळू," ती म्हणाली. "खोडायचं शेवटी बघू."

खेळ सुरू झाला. बर्फाचा घाट उतरताना संघमित्राच्या सैनिकाला विषारी बाण लागला. खाली एक गाव आलं, तर सगळी दारं बंद.

"वाट लागली," संघमित्रा म्हणाली. ती घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात नर्स. "मी सकाळ बघत नाही. हे माझं प्रोफेशनल मत आहे."

"काकांचा गुण आहे ना," म्हणत मिहिरने कागद ओढला, वाचला आणि तोंड वाकडं केलं. "पण गाणं करशील, असं आहे. सॉरी काका, पण अट आहे ती. गाणं नाही तर आसरा नाही."

"मिहिर, जरा माणसात ये रे," संघमित्रा म्हणाली.

"अगं मग नियम कशाला लिहिले? दया करूनच दारं उघडायची तर फासे खाडीत टाकून या."

"बरोबर बोलतोय तो," शरच्चंद्र म्हणाले. ते ऐकायला तिघांना पुढे वाकावं लागलं.

खेळ चालवणाऱ्याचा शब्द शेवटचा असतो. गंधाली म्हणाली असती, उघडलं दार, तर उघडलं असतं. पण दयेने उघडलेलं दार बाबांनी पहिल्या क्षणी ओळखलं असतं. मग तिने लहानपणापासून पाहिलेलं तेच केलं. कीर्तनाच्या पूर्वरंगात बाबा एकच ओळ घ्यायचे आणि ती सोडायचे नाहीत. एकेका शब्दाला धरून विचारायचे, बाबा रे, तू कोण, कुठून आलास?

"आसरा," ती म्हणाली. "लिहिलाय बुवांच्या कागदावर. पण दार कोण उघडतं? गाव उघडतं. मग हा गुण राहतो कुठे? गाणाऱ्याच्या गळ्यात की ऐकणाऱ्याच्या कानात?"

"कानात," संघमित्रा लगेच म्हणाली.

"पण या गावाने बुवांना कधी ऐकलंच नाहीये," मिहिर म्हणाला. "कान कोरे आहेत. मी खडूसपणा नाही करत यार, मलाही दार उघडायला हवंय. पण पटलं तर पाहिजे."

त्याचं खरं होतं. म्हणून निकाल देणं सोडून गंधाली गोष्टीत शिरली. पाठीला बाक काढला, आवाज बदलला आणि बंद दारामागची म्हातारी झाली. "कोण आहे रे बाहेर? परक्याला थारा नाही इथे. कोण तुम्ही?"

सगळे शरच्चंद्रांकडे बघू लागले. ते कागदाकडे बघत होते. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग ते उठून उभे राहिले. हळू ठेक्यात टाळी धरली, आणि गळ्यात होती तेवढ्या हवेवर म्हणाले,

"दिवेराया, तुझ्या गावी…"

दिवेराया हा त्यांच्या खेळातला देव, आणि ध्रुपदही शरच्चंद्रांनीच खेळासाठी बांधलेलं, आधीच्या रविवारी म्हणून म्हणून सगळ्यांना पाठ झालेलं. अर्ध्या ओळीतच श्वास संपला. तेव्हा त्यांनी उघडा तळवा तिघांकडे केला. तो हात तुम्ही पाहिलाय. बुवा अर्धं म्हणून हात पुढे करतात, आणि उरलेली ओळ आपल्याकडे येते.

विचार कुणीच केला नाही. आधी संघमित्राच्या तोंडून निघालं. ती देव मानत नाही, आणि तसं तोंडावर सांगते. पण तिच्या वडिलांची गायन पार्टी, जयंतीला भीमगीतं गाणारी, आणि ही पोर त्यांच्या मागे कोरसमध्ये वाढलेली. असा हात पुढे आल्यावर गप्प बसणं तिला जमण्यातलं नव्हतं.

"कुणी परका राहीना!"

मागून मिहिर, साफ बेसूर. त्याच्या मागून गंधाली, म्हणजे दारामागची म्हातारी.

पुन्हा हात, पुन्हा ओळ. पुन्हा हात. शरच्चंद्रांचं अर्धं इतकं बारीक, की ते झेलायला तिघंही टेबलावर ओणवी झालेली. आणि या तिघांचं अर्धं असं, की हॉल भरून गेला. गाणं चाललं होतं, आणि चालवणाऱ्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. गंधालीच्या अंगावर काटा आला. लहानपणभर झांज घेऊन ती बाबांच्या मागे उभी राहिली होती, आणि तिला वाटायचं, कीर्तन बाबांच्या गळ्यातून येतं. आज गळा काढून घेतला तरी समोर काय उरलंय, ते तिला दिसत होतं. जवळजवळ सगळंच उरलं होतं. गाभाऱ्यात एकदम समई उजळली आणि अचानक मुख दिसलं की माणूस जसा थोडा भितो, तशी ती भ्यायली.

मग थांबले. मिहिरने चष्मा काढून पुसला.

"गाणं झालं," तो म्हणाला. "याच गावात झालं. म्हातारीसुद्धा गायली. मला मान्य आहे. आता उघड गं लवकर, ही मरेल तिथे."

"आत या," म्हातारी म्हणाली. "चूल पेटलेली आहे."

फासे टाकायचं कुणाला सुचलंच नाही.

शरच्चंद्र धापा टाकत बसले, पाणी प्याले. गंधालीने कागद आणि खोडरबर त्यांच्यासमोर ठेवला. ठरवायचं त्यांनी होतं. त्यांनी ओळ पुन्हा वाचली, बराच वेळ.

"खोडू नकोस," ते म्हणाले. "पण आवाज गेला, तेही राहू दे. दोन्ही खरं आहे." मग मान वळवून, "मिहिर, तू फार बेसूर आहेस रे."

"काका, मी पंडित आहे. गायचं तुमचं खातं."

त्यांचा आवाज परत आला, असा चमत्कार मी सांगणार नाही, आला नाही. पण पुढच्या एकादशीला ते देवळात गेले आणि श्रोत्यांत, मांडी घालून, अगदी पुढे बसले.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे. पुन्हा कधी कीर्तनाला बसाल, बुवा अर्ध्या ओळीवर थांबून तुमच्याकडे हात करतील, तेव्हा ओठातल्या ओठात पुटपुटू नका. चारकोपच्या शरच्चंद्रबुवांची आठवण ठेवा, आणि मोकळ्या गळ्याने म्हणा.